साठ दिवसांनी आपोआप बंद

यादी शाळेच्या फाटकाजवळ काचेच्या फलकात लावली होती. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर, मग चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून. मुलीचं नाव नव्हतं. तिच्या दोन्ही जिवलग मैत्रिणींची होती. आमच्याच गल्लीतल्या एकीला दहावीला हिच्याहून बरेच कमी गुण होते, तिचंसुद्धा होतं. मुलगी शेजारी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"काहीतरी गडबड आहे," मी म्हटलं. "आत जाऊन विचारू."

"तू फॉर्म भरलास ना, आई? नक्की?"

"अगं, माझ्या डोळ्यांसमोर हिरवी टिक आली! मी काय खोटं सांगतेय?"

ऑफिसातल्या कारकुनाने संगणकात बघितलं आणि मान हलवली. तुमचा फॉर्म आलाच नाही, म्हणाला. मी म्हटलं, टिक आली होती. तो म्हणाला, मॅडम, ज्यांचा राहिला ते सगळे पालक हेच म्हणतात. त्याच्या त्या सुराने माझं डोकं फिरलं. मी तिथे उभं राहून हिंदीत, इंग्रजीत आणि शेवटी माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत त्याला सुनावलं. मुलगी माझी ओढणी ओढत होती. "चल ना आई, चल ना."

हे सगळं का इतकं जिवाला लागलं होतं ते सांगायला हवं. नवरा रेल्वेत, गार्डन रीचच्या मुख्यालयात. मुलगी आठ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून कोलकात्याला आलो आणि बेहाला भागात भाड्याने राहिलो. आठ वर्षांत ती पक्की इथली झाली. मराठी बोलते, पण विचार बंगालीत करते असं मला कधी कधी वाटतं. तिची जुनी शाळा दहावीपर्यंतच होती. अकरावीला जीवशास्त्र घ्यायचं आणि ह्याच शाळेत जायचं, हे तिघी मैत्रिणींचं सातवीपासून ठरलेलं. नवरा म्हणाला होता, आणखी दोन-तीन ठिकाणी फॉर्म भरून ठेवू. मीच म्हटलं, "कशाला? एवढे गुण आहेत. शिवाय टिक आलीय." आता यादी लागेपर्यंत बाकीच्या चांगल्या शाळांच्या तारखा निघून गेल्या होत्या. राहिला एकच रस्ता. पुण्यात तिची आत्या राहते, तिथे प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्या अजून बाकी होत्या. म्हणजे इथे जागा मिळाली नाही तर माझी सोळा वर्षांची पोर घर सोडून पुण्याला जाणार होती.

घरी आल्या आल्या मी लॅपटॉप उघडला. वेबसाइट बनवण्याचं काम मी वीस वर्षं करतेय, तेव्हा भांडायचं तर पुराव्यानिशी भांडावं. शाळेच्या फॉर्मचं पान उघडलं आणि त्याच्या पोटातली आज्ञावली वाचायला लागले. चार-पाच ओळी वाचल्या आणि हसूच आलं. फॉर्म तपासायला आणि पाठवायला त्यांनी माझंच टूल वापरलं होतं.

हे टूल मी पुण्यात असताना लिहिलं. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. वेबसाइटवर आपण नाव-गाव-पत्ता भरतो, तर फोन नंबर बरोबर आहे का, काही राहिलं का, हे तपासून तो फॉर्म पलीकडे पाठवायचा आणि भरणाऱ्याला हिरवी टिक दाखवायची, एवढंच त्याचं काम. मी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही फुकट वापरा, कुणीही आत डोकावा, चूक दिसली तर तक्रार लिहा, जमलं तर दुरुस्तीही पाठवा. बघता बघता ते पसरलं. दवाखाने, शाळा, नगरपालिका, कुठे कुठे गेलं. माझी आई विचारायची, "ह्याचे तुला मिळतात काय?" मी म्हणायचे, काही नाही. "म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या!" आईचं म्हणणं तेव्हा मला फार जुनाट वाटायचं.

एके काळी आम्ही चौघं मिळून ते सांभाळायचो. चार गावची चार माणसं, कधी भेटलो नाही, पण रोजचं बोलणं. एकाला जुळं झालं. एकीची नोकरी गेली, तिला दुसरं काही सुचेना. तिसऱ्याने एक दिवस "मला आता होत नाही" एवढं लिहिलं आणि गेला. उरले मी. आणि तक्रारी! सकाळी चहा ठेवला की फोनवर तक्रारी, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आणखी आठ. कुणी विनवायचं, कुणी हुकूम सोडायचं, कुणी सरळ आईबापावरून शिव्या द्यायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. नोकरी होती, घर होतं, मुलीचा अभ्यास होता. मला रडू यायचं हो. उघड्या तक्रारींचा तो लाल आकडा दिसला की मी फोन पालथा घालून ठेवायचे.

तेव्हा मी आमच्या धंद्यात सगळेच करतात ते केलं, एक बॉट बसवला. बॉट म्हणजे आपोआप चालणारी छोटीशी आज्ञावली. एखाद्या तक्रारीवर साठ दिवसांत कुणी काही लिहिलं नाही की ती बंद करायची, आणि खाली एक सभ्य निरोप टाकायचा: 'यावर साठ दिवसांत काही हालचाल झालेली नाही, म्हणून बंद करत आहोत. आपल्या योगदानाबद्दल मनापासून धन्यवाद.' तक्रार करणाऱ्याने खाली पुन्हा काही लिहिलं की ती परत उघडायची आणि साठ दिवस नव्याने मोजायला लागायचे. बॉटला खरं तर वेगळं खातं काढून द्यायचं असतं. मी कंटाळा केला आणि माझ्याच खात्याची किल्ली दिली, म्हणजे त्याचे निरोप माझ्याच नावाने जायचे. महिन्याभरात लाल आकडा निम्म्यावर आला. मला इतकं हलकं वाटलं की मी नवऱ्याला म्हटलं, चल, लाँचने नदीवर फिरून येऊ.

तर, शाळेच्या पानात माझं टूल दिसल्यावर मला काय वाटलं असेल? लाज वाटली नाही, चिंता वाटली नाही. अभिमान वाटला! म्हटलं, टूल माझं आहे म्हणजे चूक शाळेच्या यंत्रणेचीच. मी मुख्याध्यापिकाबाईंना आणि वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीला लांबलचक मेल लिहिला. त्यात एक वाक्य असंही होतं की फॉर्म पाठवणारं टूल जगभर वापरलं जातं आणि ते अत्यंत भरवशाचं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. चार ओळींचं. मी जगात कोण हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. 'आपण म्हणता ते टूल भरवशाचंच आहे. टिक येऊनही फॉर्म पोचला नाही, अशी एक तक्रार त्या टूलकडे पूर्वी आली होती. ती टूलच्या चालकांनी चार वेळा तपासून बंद केली आहे. सबब दोष अर्जदाराच्या बाजूचा समजावा.' खाली त्या तक्रारीचा दुवा.

दुवा उघडला. तक्रार हावड्याच्या एका माणसाची होती. इंग्रजी वेडंवाकडं, पण मुद्दा लख्ख. 'माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. नेट मंद असलं की हिरवी टिक येते, पण फॉर्म पलीकडे जात नाही. माणूस टिक बघून घरी जातो. नंतर रडत येतो. कृपया बघा.' सोबत त्याने पडद्याचे फोटो लावले होते, वेळा लिहिल्या होत्या. त्याखाली साठ दिवसांनंतरची तारीख आणि माझा फोटो. मंडळाच्या गणपतीत काढलेला, हिरव्या साडीतला, दात काढून हसणारा. 'आपल्या योगदानाबद्दल मनापासून धन्यवाद.'

त्याखाली तो: 'मॅडम, त्रास अजून आहे.' साठ दिवस. मी, हसत: मनापासून धन्यवाद. तो: 'अजून आहे, मॅडम.' मी: धन्यवाद. तो: 'अजून आहे.' मी: धन्यवाद. त्यानंतर त्याने काही लिहिलं नव्हतं.

मी त्यातलं एक अक्षरही वाचलेलं नव्हतं. एकदाही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले. कारण वाचताक्षणी मला कळलं होतं की तो खरं बोलतोय. पत्र पेटीत टाकलं की पलीकडे मिळायची वाट न बघता लगेच "पोचलं" म्हणायचं, तशी ती टिक मी मुद्दामच लवकर दाखवायला लावली होती. लोकांना ताटकळत ठेवायला नको म्हणून. किती झटपट, किती झटपट, असं सगळे कौतुक करायचे. आणि मुलीचा फॉर्म मी भरला त्या दिवशी घरचं इंटरनेट गेलेलं, मोबाईलच्या नेटवर एक दांडी येत होती, एक जात होती. टिक आली आणि मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या कुणी एखाद्या वेळी पोच आली का ते तपासलं असतं. मी नाही तपासलं, कारण ती टिक माझी होती.

मुलगी कधी खोलीतून बाहेर आली कळलं नाही. टेबलावरच्या लॅपटॉपवर तिने सगळं वाचलं.

"हा तुझा फोटो आहे."

"बॉट आहे गं तो. आपोआप चालतो. मी नाही लिहिलं ते."

"पण फोटो तुझाच आहे ना?" ती म्हणाली. "आई, तो माणूस किती वेळा बोलला. आणि तू सारखं थँक्यू, थँक्यू."

तिने फॉर्मचं, स्वतःच्या जागेचं नावही काढलं नाही. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

नवरा संध्याकाळी आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, बूटसुद्धा न काढता. मग म्हणाला, "अगं, पण त्या माणसाकडे पुरावा असेल. वेळा लिहिल्यात त्याने. शाळेला दाखवू, की चूक आपली नव्हती."

"माझीच होती."

"अगं, पालक म्हणून नव्हती," तो म्हणाला. एवढ्या बाक्या प्रसंगातही त्याला असं काहीतरी सुचतं.

त्या माणसाच्या खात्यावर फोटोच्या जागी त्याच्या दुकानाची पाटी होती, तीवर गल्लीचं नाव. सकाळी मी बसने बाबूघाटला आणि तिथून लाँचने हावड्याला गेले. गल्ली शोधायला तासभर लागला. छोटे छोटे कारखाने, लेथ चालू असलेले, जमिनीवर लोखंडाच्या किसाची वेटोळी. मधेच हे दुकान: झेरॉक्स, फोटो, फॉर्म भरून मिळतील. आत दोन संगणक, एक लांब बाक, बाकावर पाच-सहा माणसं हातात मोबाईल धरून गप्प बसलेली. भिंतीवर बंगालीत हाताने लिहिलेला कागद. मी अक्षर अक्षर लावत वाचला: हिरवी टिक आली तरी उठू नये. मोबाईलवर मेसेज आल्यावरच घरी जावे.

म्हणजे जे मी करायला हवं होतं ते ह्या माणसाने बाक टाकून केलं होतं.

दुकानदार पन्नाशीचा, बारीक, कॉलरला पेन अडकवलेला. त्याने वर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि उठून उभाच राहिला.

"आपण... धन्यवादवाल्या मॅडम ना?"

मी मान डोलावली. "बोशून, बोशून," म्हणत त्याने खुर्ची पुढे सरकवली, फडक्याने पुसली. आम्ही हिंदीत बोलत होतो, मधे मधे बंगाली. तो बाकावरच्या लोकांना कौतुकाने सांगत होता की ज्यांनी हे बनवलं त्या ह्या. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तुम्ही शेवटी लिहायचं का थांबवलंत?" मी विचारलं.

तो संकोचला. "दीदी, मला वाटलं, तुम्ही फार कामात असता. तरी दर दोन महिन्यांनी वेळ काढून उत्तर देता, धन्यवाद म्हणता. कितीदा त्रास द्यायचा? बरं दिसत नाही."

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. शिव्या खायची मला सवय होती. मी त्याला बॉटचं खरं सांगितलं. आपोआप जायचं ते, मी तुमचं काही वाचलंच नव्हतं, असं. शेजारचं लेथ थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"एकदाही नाही?" त्याने विचारलं.

"एकदाही नाही."

"अच्छा," तो म्हणाला, आणि कॉलरचं पेन काढून उगाच पुन्हा अडकवलं. मग मी का आले ते विचारलं. मी मुलीचं सांगितलं. सांगता सांगता माझा बांध फुटला. अनोळखी माणसाच्या दुकानात, पाच-सहा माणसांसमोर, मी ओढणी तोंडाला लावून रडले. त्याने टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. टिक येऊनही न पोचलेला प्रत्येक फॉर्म त्यात होता. तारीख, वेळ, कसला फॉर्म, समोर त्या त्या माणसाची सही, काही ठिकाणी अंगठा. शिष्यवृत्तीचे होते, पेन्शनचे होते, दवाखान्याचे होते. मला वाटत होतं की मला फक्त शाळेपुरती पानं हवीत, पण मी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्याने हव्या त्या पानांच्या प्रती काढून दिल्या. आम्ही भरला होता त्याच शाळेचा एक फॉर्म त्यात होता, कुणा दुसऱ्या मुलीचा, आमच्या आदल्या दिवशीचा.

"हिचं काय झालं?"

"तिला मी बसवून ठेवलं होतं," तो म्हणाला. "मेसेज आला नाही म्हणून पुन्हा भरला. लागलं नाव."

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला भेटायला बोलावलं. वयस्क, शांत बाई. त्यांनी प्रती नीट वाचल्या, एकेक पान उलटून. त्यांना ते पटलंही. म्हणाल्या, वेबसाइटवाल्यांना मी जाब विचारीन. वेबसाइटवाल्यांना! मला राहवलं नाही. नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला, तरी मी बोलले.

"त्यांची चूक नाही, मॅडम. ते टूल मी लिहिलंय. तक्रारही माझ्याच नावाने बंद झालीय."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या चुकीमुळे तुमच्या मुलीचा फॉर्म आला नाही, असं तुम्ही मला सांगायला आलात?"

"हो."

"मग मी काय करावं अशी तुमची इच्छा आहे?"

मी म्हटलं, एक जागा. फक्त एक. तिने काय केलंय? हवी तर मला शिक्षा करा, शाळेची सगळी वेबसाइट मी नव्याने बनवून देते, वर्षभर सांभाळते, जन्मभर सांभाळते. मी भीक मागत होते, दुसरा शब्द नाही त्याला. बाईंनी यादी माझ्यापुढे सरकवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"सगळ्या जागा भरल्यात. ह्या मुलींचे फॉर्म आलेत. तुम्हीच सांगा, कुणाचं नाव काढू?"

त्या यादीत वरून नववी हावड्याच्या वहीतली मुलगी होती. मी यादी परत केली.

घरी येऊन मी टूल दुरुस्त केलं. पलीकडून पोच आल्याशिवाय टिक द्यायची नाही, आणि पोच आली नाही तर लाल अक्षरांत "पोचला नाही, पुन्हा पाठवा" असं सांगायचं. किती वेळ लागला असेल? एक दुपार. जेवून बसले आणि चहाच्या वेळेला झालं. आठ महिने तो माणूस दारात उभा राहून सांगत होता, त्याला माझी एक दुपार हवी होती. बॉटही मी काढून टाकला आणि ती तक्रार पुन्हा उघडली. दुरुस्ती बाहेर पडल्यावर पहिला निरोप आला तो असा: 'नव्या आवृत्तीत टिक फार हळू येते, जुनं होतं ते छान होतं, कृपया परत आणा.' मी लॅपटॉपवर उशी फेकली.

पुण्याला आत्याने धावपळ करून प्रवेश मिळवला. जीवशास्त्रच मिळालं, कॉलेजही बरं आहे, आत्याचा जीव आहे हिच्यावर. सगळे मला हेच सांगत होते. मुलगी माझ्याशी भांडली असती तर मी समजू शकले असते, पण ती नीट वागायची. जेवायला वाढलं की "बास" म्हणायची, विचारलं तर उत्तर द्यायची. मैत्रिणी निरोप द्यायला आल्या, तिघी गच्चीवर जाऊन बसल्या, मी दिलेली भजी तशीच खाली आली. सोडायला कोण जाणार असं विचारल्यावर म्हणाली, "बाबा येऊ दे."

जायच्या आदल्या दिवशी हावड्याच्या माणसाने त्या जुन्या तक्रारीखाली लिहिलं. मी त्याला नवी आवृत्ती तपासायला सांगितली होती. 'मॅडम, टिक आता उशिरा येते, पण खरी येते. बाक काढून टाकला. आपण आता बंद करू शकता. मनापासून धन्यवाद.' मी ते तीनदा वाचलं आणि बंदचं बटण स्वतः दाबलं.

हावडा स्टेशनवर गाडी आधीच लागली होती. नवरा सामान लावायला आत गेला. मुलगी डब्याच्या दारात उभी होती, मी खाली. तहान लाडू, भूक लाडू म्हणतात तसे दोन डबे मी तिच्या हातात दिले, सूचना दिल्या, त्याच त्याच पुन्हा दिल्या. ती ऐकत होती.

"त्या काकूंची तक्रार... त्या काकांची," ती मराठी शोधत म्हणाली, "ती बंद केलीस?"

"केली. स्वतः केली."

"ओके."

"पोचलीस की फोन कर. मेसेज टाकू नकोस, फोनच कर. आवाज ऐकल्याशिवाय पोचलीस असं मी धरणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा नीट डोळ्यांत बघितलं.

"आणि मी साठ दिवस फोन नाही केला तर?"

"म्हणजे?"

"तर मला पण बंद करशील?"

"चल, काहीतरीच काय!" मी हसले. ती हसली नव्हती. तेवढ्यात आतून बाबाची हाक आली आणि ती वळून गेली. मी प्लॅटफॉर्मवरून माणसांना, सामानाला चुकवत तिच्या खिडकीपाशी पळाले. एसीचा डबा, काच उघडत नाही. ती आत बसली होती, चेहरा माझ्याकडे होता. मी काचेवर थापा मारून म्हटलं, "नाही गं. कधीच नाही. ऐकलंस का?"

तिने कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नव्हतं. गाडी हलली, आणि मी बरोबर चालत पुन्हा तेच म्हणत राहिले.